४०२ चे न्हाणीघर आणि ३०२ चे छत

३०२ : सर्वांना नमस्कार. ४०२ यांनी न्हाणीघराचे नूतनीकरण स्वतःच्या हाताने केल्यापासून आमच्या छतावर जो ओला डाग उमटला, तो आता पंख्याच्या हुकापर्यंत पोचला आहे. खासगीत दोनदा बोलून झाले, म्हणून नाइलाजाने येथे सोसायटीच्या ग्रुपवर लिहिते.

४०२ : काकू, आपल्या त्रासाबद्दल दिलगीर आहे. परंतु आम्ही जुनी फरशी न उखडता तिच्यावरच नवी चिकटवली आहे, त्यामुळे खालचा जलरोधक थर फुटण्याचा प्रश्नच येत नाही. उलट, घराची किंमत वाढली असे दलालाने स्वतः पाहून सांगितले.

३०२ : तुमची वाढली असेल, आमची किती उतरली, तेही त्यांनाच विचारा.

५०१ : जिन्यातील राडारोडा कधी उचलणार?

२०१ : फरशीवर फरशी लावता येते, पण जुन्या सांध्यांतून पाणी आधीच मुरत असेल, तर नवी फरशी ते केवळ झाकते. शिवाय पातळी वर आल्यावर न्हाणी ट्रॅपची, म्हणजे फरशीवरचे पाणी वाहून जाते त्या तोंडाची, जाळीही वर घ्यावी लागते, आणि तिच्याभोवतीची फट नीट बुजवली नाही, तर पाणी नव्या फरशीखाली शिरून भलतीकडेच बाहेर पडते.

१०४ : आमच्या ह्यांनीही व्हिडिओ पाहून कपाटाला दार बसवले. दार उत्तम बसले आहे, फक्त उघडत नाही.

सचिव : कृपया विषयावर राहावे.

५०१ : राडारोडा हा विषयच आहे. तिसऱ्यांदा विचारतो.

२०१ : एक मिनिट. फरशी उखडलीच नाही, तर राडारोडा आला कुठून?

४०२ : शॉवरचा पाइप भिंतीत घेण्यासाठी खाच पाडली होती. तेवढेच.

२०१ : मग एवढा वेळ आपण फरशीवर का बोलत होतो? भिंतीत गाडलेल्या पाइपचा सांधा दाबाखाली तपासल्याशिवाय खाच बुजवायची नसते. रंग, पुट्टी, बिजागऱ्या, नळाचे वॉशर ही कामे घरच्या घरी अवश्य करावीत. मजुरी वाचते आणि बिघडले तर पुन्हा करता येते. भिंतीआडचे नळ आणि तारा यांचे तसे नाही. घर पाहायला आलेला माणूस नव्या फरशीचे कौतुक करतो, पण ओल दिसली की भाव पाडतो.

४०२ : मान्य, पण दोष पाइपचाच आहे हे कशावरून?

२०१ : आधी दोन दिवस न्हाणीघर वापरू नका, मात्र न्हाणीघराला येणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह चालू ठेवा. डाग वाढत राहिला, तर पाइपवर संशय घ्यावा. न वाढल्यास व्हॉल्व्ह बंद करून ट्रॅपला बूच लावा आणि फरशीवर २४ तास पाणी साठवून पाहा.

३०२ : म्हणजे प्रयोग पुन्हा आमच्याच छतावर! ठीक आहे, डागाभोवती पेन्सिलीने रेघ मारून ठेवते. दुरुस्ती आणि छताचा रंग मात्र ४०२ च्या खर्चाने, आणि रंग त्यांनी स्वतः लावायचा नाही.

सचिव : ४०२ यांनी लेखी संमती द्यावी.

४०२ : देतो. व्हॉल्व्ह चालू ठेवून आज रात्रीपासून न्हाणीघर बंद करतो. राडारोडा उद्या सकाळी उचलला जाईल.

५०१ : सकाळी म्हणजे किती वाजता?