कर्ज काढून शिकायला गेलेल्या मुलांनी शनिवार-रविवार प्रागला घालवावा का?

सातारचा पालक (चर्चाप्रस्ताव)

माझी मुलगी गेल्या ऑक्टोबरपासून जर्मनीत ड्रेस्डेन येथे अभियांत्रिकीचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. तेथील सार्वजनिक विद्यापीठाचे शुल्क नाममात्र असले, तरी व्हिसासाठी ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये एका वर्षाचे ११,९०४ युरो आगाऊ भरावे लागतात आणि त्यातून महिन्याला फक्त ९९२ युरो हाती येतात. त्यासाठी व इतर खर्चासाठी आम्ही २५ लाखांचे शैक्षणिक कर्ज काढले आहे. गेल्या आठवड्यात शुक्रवारी संध्याकाळी ती तीन मित्रमैत्रिणींबरोबर शेजारच्या चेक प्रजासत्ताकात प्रागला गेली, तेथील प्रवाशांसाठीच्या एका हॉस्टेलात आठ खाटांच्या खोलीत दोन रात्री राहिली आणि रविवारी परतली. एकंदर खर्च ११५ युरो झाला असे तिचे म्हणणे आहे. ही सगळी हकिकत आम्हाला तिच्या स्टेटसवरून कळली. मुलांनी जग पाहू नये असे मी म्हणत नाही. परंतु परदेशातील राहण्याखाण्यासाठीच जे कर्ज घेतले आहे, त्यातून आणखी एका परदेशाची सहल करावी का, आणि अनोळखी मुलामुलींच्या एकत्र खोलीत झोपणे कितपत सुरक्षित आहे, या दोन प्रश्नांवर जाणकारांनी मत द्यावे. दुसरा प्रश्न मुख्यतः तिच्या आईचा आहे.

एल्बेकाठचा विद्यार्थी

काका, मीही ड्रेस्डेनलाच शिकतो, म्हणून आधी हिशेब मांडतो. सेमिस्टर तिकिटावर (विद्यार्थ्यांना विद्यापीठामार्फत मिळणाऱ्या प्रवास-पासावर) लोकलने सीमेजवळच्या बाड शांडाऊपर्यंत जाता येते, म्हणजे जर्मन बाजूचा प्रवास जवळजवळ फुकटच होतो. तेथून पुढे चेक रेल्वेचे तिकीट काढून डेचीनमार्गे प्राग गाठता येते. थेट गाडी सव्वादोन-अडीच तासांत पोहोचवते; पण तिच्यात हे तिकीट चालत नाही, म्हणून विद्यार्थी सहसा गाड्या बदलत जातात. २०२५ साली येथील किमान वेतन ताशी १२.८२ युरो होते. त्या दराने ११५ युरो म्हणजे नऊ तासांचे काम. आठवड्याला वीस तासांची विद्यार्थी-नोकरी असणाऱ्याला हा खर्च कर्जाला हात न लावता करता येतो, तेव्हा मुलगी काम करते का, हे आधी विचारावे.

आपल्याला ‘आणखी एक परदेश’ म्हटले की मोठा घाट वाटतो, पण ड्रेस्डेन ते प्राग हे अंतर साधारण मुंबई-पुण्याइतके आहे. शिवाय नोव्हेंबरात येथे चार-साडेचारलाच अंधार पडतो, रविवारी दुकाने कायद्यानेच बंद असतात आणि वसतिगृहाच्या खोलीत एकटे बसून छताकडे पाहण्यात जो दिवस जातो, तो अभ्यासात जातो असे कोणी समजू नये.

निवृत्त बँक अधिकारी

वरील हिशेबात कर्जाची बाजू आलीच नाही. शिक्षण संपेपर्यंत आणि त्यानंतर साधारण एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही, म्हणून मुलांचा समज होतो की कर्ज नोकरी लागल्यावर सुरू होते. प्रत्यक्षात ज्या दिवशी बँकेतून रक्कम सुटते, त्याच दिवशी तिच्यावर व्याज चढू लागते. २५ लाखांवर साडेदहा टक्क्यांनी वर्षाचे व्याज २,६२,५०० रुपये, म्हणजे महिन्याला जवळजवळ २२,००० रुपये होते. युरो साधारण शंभर रुपयांचा धरला, तर प्रागची ही सहल एका महिन्याच्या निम्म्या व्याजाएवढी पडली. शिक्षणाच्या काळातच व्याज भरत राहिल्यास अनेक बँका व्याजदरात एक टक्क्यापर्यंत सवलत देतात, याची माहिती मी शाखेत बसून कित्येक पालकांना दिली. तिचा लाभ घेणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले.

नऊ तासांची कमाई स्वतःची आहे, म्हणून ती कशीही खर्चावी, हा युक्तिवाद मला पटत नाही. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे आणि ज्याच्या बापाचे घर तारण पडले आहे, त्याची कमाई पूर्णपणे त्याची नसते. त्यातून वेळ उरतच असेल, तर तो जर्मन भाषेला द्यावा. इंग्रजीतून पदवी मिळते, नोकरीच्या मुलाखतीत मात्र जर्मन लागते, हे तेथून परतलेली मुलेच सांगतात.

लाइपझिगची माजी विद्यार्थिनी

भाषेविषयी आपले म्हणणे सोळा आणे खरे आहे. पण दर शनिवारी क्रियापदे पाठ करूनही मला भाषा येत नव्हती. ती थोडीफार सुटली ती हॉस्टेलांच्या स्वयंपाकघरांत, रांगेत शेगडीची वाट पाहताना.

आता काकूंच्या प्रश्नाकडे वळते, कारण त्याला कोणी उत्तर दिलेले नाही. बहुतेक हॉस्टेलांत केवळ मुलींसाठी खोली असते आणि ती दोन-चार युरोंनी महाग पडते. ते पैसे वाचवू नयेत. चांगल्या ठिकाणी प्रत्येक खाटेला पडदा, उशाशी छोटा दिवा, चार्जिंगची जागा आणि पायथ्याशी लोखंडी कप्पा असतो. कप्प्याचे कुलूप बहुधा आपलेच न्यावे लागते, अन्यथा तेथे विकत घ्यावे लागते. खोली निवडताना रात्रभर कोणी स्वागतकक्षात असते का, तळमजल्यावर मद्यालय आहे का आणि एकट्या आलेल्या मुलींनी काय अभिप्राय लिहिले आहेत, एवढे पाहिले तरी पुष्कळ काळजी मिटते. माझ्या अनुभवात एकत्र खोलीतला खरा उपद्रव म्हणजे पहाटे पाचला प्लॅस्टिकच्या पिशव्या चुरचुरवत सामान भरणारा प्रवासी आणि वरच्या खाटेवरचे घोरणे. चोरी होते, पण ती बहुधा गर्दीच्या ट्राममध्ये.

शिवाय हॉस्टेल ही कल्पनाच मुळात विद्यार्थ्यांसाठी जन्मली. रिचर्ड शिरमान हे जर्मन शिक्षक १९०९ साली मुलांना घेऊन पायी सहलीला निघाले असता वादळात सापडले आणि एका गावातील शाळेत त्यांनी रात्र काढली. सुट्टीत रिकाम्या पडणाऱ्या शाळांत मुलांना स्वस्तात झोपू द्यावे, हे त्यांना तेथे सुचले आणि पुढे आल्टेनाच्या किल्ल्यात पहिले कायमस्वरूपी युवा वसतिगृह उभे राहिले. काका, आपल्या पिढीतील कित्येकांनी यूथ हॉस्टेल असोसिएशनबरोबर हिमालयात ‘सर पास’ या खिंडीचा ट्रेक केला आहे. एका तंबूत अनोळखी दहा जण झोपत, तेव्हा कोणाच्या आईला झोप लागत होती?

कोल्हापूरचे प्राध्यापक

इतिहास अर्धाच सांगितला गेला. शिरमान यांची मुले शिक्षकांबरोबर पायी निघाली होती. तीच गोष्ट सर पासची. तेथे पहाटे शिट्टी वाजते आणि कॅम्प लीडर डोक्यावर असतो. प्रागमधील आजची अनेक हॉस्टेले या परंपरेत बसत नाहीत. स्वस्त बिअरसाठी येणाऱ्या टोळ्यांचा त्रास इतका वाढला, की २०२४ मध्ये त्या शहराने रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत मार्गदर्शकांसह निघणाऱ्या मद्यालय-फेऱ्यांवर बंदी घालण्याचा निर्णय घेतला. नागरिकांनाच जे नकोसे झाले, त्याला आपण ‘अनुभव’ म्हणून मान डोलवावी का?

दुसरे, चार मराठी मुले एकत्र जातात, एकत्र जेवतात, चार्ल्स पुलावर एकमेकांची छायाचित्रे काढतात आणि परततात. शेगडीच्या रांगेत भाषा सुटणारी एखादीच.

एल्बेकाठचा विद्यार्थी

सर, दुसरा मुद्दा मान्य करावा लागेल. आमच्याच एका गटाने हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात मोहरीची फोडणी दिली आणि धुराचा भोंगा वाजून रात्री साडेनऊला सगळी इमारत रस्त्यावर आली. त्यानंतर मात्र खाली उभ्या असलेल्या पोर्तुगीज मुलांशी आमची जी ओळख झाली, ती अजून टिकून आहे. पहिला मुद्दा मान्य नाही. प्रागला जाणारा प्रत्येक जण टोळीतला नसतो. टोळीचे हॉस्टेल कोणते, हे अभिप्राय वाचून पाच मिनिटांत कळते.

म्युनिकवासी

पैसा आणि खाटा यांवर एवढी चर्चा झाली, पण ज्यामुळे मुले खरोखर अडचणीत येतात ते कोणीच लिहिले नाही. विद्यार्थ्याचा निवास परवाना असल्यास शेंगेन देशांत (एरवी आपसांत सीमातपासणी नसलेल्या युरोपीय देशांत) १८० दिवसांपैकी ९० दिवस फिरता येते, हे खरे. मात्र १६ सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सर्व भू-सीमांवर तपासणी सुरू केली आहे. प्रागहून परतणारी बस महामार्गावर थांबवून पोलीस आत चढतात आणि प्रत्येकाची कागदपत्रे पाहतात. तेथे मोबाइलमधील पासपोर्टचे छायाचित्र चालत नाही. मूळ पासपोर्ट आणि परवान्याचे कार्ड दोन्ही हवीत. परवान्याची मुदत संपून नूतनीकरण अडकले असेल, तर परदेशी नागरिक कार्यालय एक तात्पुरते प्रमाणपत्र देते. ते कोणत्या कलमाखाली दिले आहे, यावर सीमा ओलांडून परत येता येईल की नाही हे ठरते, म्हणून बस आरक्षित करण्यापूर्वी कार्यालयाकडून खात्री करून घ्यावी. सार्वजनिक आरोग्य विमा असल्यास विमा-कार्डाच्या मागच्या बाजूला छापलेल्या युरोपीय आरोग्य विमा कार्डावर चेक प्रजासत्ताकात तातडीचे उपचार मिळतात. खासगी विमा असल्यास आधी चौकशी केलेली बरी.

सातारचा पालक

सर्वांचे आभार. मुलीशी बोललो. ती ग्रंथालयात आठवड्याला दहा तास काम करते आणि हा खर्च त्यातून केला, असे ती म्हणते. परवान्याचे कार्ड बरोबर होते. तात्पुरत्या प्रमाणपत्राची भानगड मात्र तिलाही ठाऊक नव्हती. खोलीच्या बाबतीत तिच्या आईचे समाधान झाले, माझे अर्धेच झाले. सर पासचा टोला वर्मी लागला, कारण मी १९९१ साली गेलो होतो. आता फेब्रुवारीतील परीक्षा संपल्यावर बुडापेस्टचा बेत आहे म्हणे. माझी अट एवढीच, की यापुढे जाण्यापूर्वी आमची परवानगी घ्यावी.

निवृत्त बँक अधिकारी

बुडापेस्ट लांब आहे, तेव्हा खर्चही वाढेल. माझे मत कायम आहे. निदान जेवढे युरो सहलीवर जातील, तेवढेच त्या महिन्यात व्याजापोटी जमा करावेत. बहुतेक शाखांत अंशतः रक्कमही स्वीकारतात.

लाइपझिगची माजी विद्यार्थिनी

साहेबांची सूचना उत्तम आहे आणि ती पाळता येण्याजोगी आहे. परवानगीची अट मात्र मागे घ्यावी, असे मी काकांना सुचवीन. जी मुलगी परक्या देशात घर शोधते, कर कार्यालयाची पत्रे वाचते आणि स्वतःच्या कमाईतून तिकीट काढते, तिच्याकडून हॉस्टेलचा पत्ता, बसची वेळ आणि बरोबरच्या एका मैत्रिणीचा क्रमांक मागावा. तो ती आनंदाने देईल. परवानगीच मागायला लावली, तर पुढच्या वेळी तिच्या स्टेटसवरही काही दिसणार नाही.