मदत हवी आहे: भावाला सैन्यातली शाखा निवडायची आहे, 'सप्लाय' खरंच दुय्यम असतं का?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसती वाचते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. विषय घरातला आहे, पण जाणत्या माणसांना विचारल्याशिवाय सुटेलसं वाटत नाही.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात. धाकटा भाऊ बी.एस्सी. करून सीडीएसच्या परीक्षेतून डेहराडूनला आयएमएत, म्हणजे सैन्याच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीत गेला. आता शेवटची टर्म चालू आहे. लवकरच त्याला शाखांचा पसंतीक्रम लिहून द्यायचाय. पायदळ, रणगाडे, तोफखाना, इंजिनिअर्स, सिग्नल्स (संपर्क यंत्रणा), मग एएससी (रसद आणि वाहतूक, म्हणजेच 'सप्लाय'), ऑर्डनन्स (दारूगोळा आणि साहित्य), ईएमई (यंत्रांची दुरुस्ती) अशी मोठी यादी आहे.

आमचे वडील, आप्पा, एएससीत ड्रायव्हर होते. १९८३ ला भरती झाले, २००७ ला हवालदार म्हणून पेन्शनीत आले. गावात त्यांना आजही 'सप्लायवाले' म्हणतात. मागच्या महिन्यात भाऊ चार दिवस घरी आला होता. जेवताना आई म्हणाली, "आप्पांच्याच खात्यात जा की रे, माझ्या जिवाला घोर कमी." तो पटकन बोलून गेला, "रेशन वाटायला एवढं रगडून घेतलं होय मी?"

आप्पा काही बोलले नाहीत. अर्धी भाकरी तशीच ताटात ठेवून हात धुवायला उठले. आमच्याकडे पानात टाकून उठत नाहीत, आणि आप्पांना तर मी आजवर कधीच तसं उठलेलं पाहिलं नव्हतं. भावालाही ते लागलं असावं, पण तो तसाच परत गेला. तेव्हापासून दोघं फोनवर "बरा आहेस ना", "बरा आहे" यापलीकडे बोललेले नाहीत.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्यात. या शाखांचं खरं काम काय असतं? पुस्तकातली व्याख्या नको, रोजचं काम सांगा. आणि पायदळात न जाणारा अधिकारी कमी दर्जाचा, असं सैन्यात खरंच मानतात का? भावानं कुठंही जावं, माझं काही म्हणणं नाही. फक्त आप्पांच्या कामाची लाज वाटून त्यानं तो कागद भरू नये, एवढीच इच्छा आहे.

तोफखाना_देवळाली

ताई, मी तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. जमेल तसं सांगतो.

जागा घेणं आणि घेतलेली जागा न सोडणं, हे पायदळाचं काम. ते दुसरं कुणी करू शकत नाही, म्हणून त्यांचा मान मोठा, आणि तो असलाच पाहिजे. रणगाडे पंजाब-राजस्थानच्या सपाट मुलखात शत्रूची फळी फोडून आत घुसतात. मेकॅनाइज्ड इन्फंट्री बीएमपी नावाच्या चिलखती गाड्यांतून त्यांच्या जोडीनं जाते आणि वेळ आली की खाली उतरून लढते. या दोघांची प्रशिक्षण केंद्रं आपल्या नगरलाच आहेत. एअर डिफेन्स पूर्वी आमच्यातच होतं, १९९४ ला वेगळं झालं. विमानं, ड्रोन पाडायचं काम त्यांचं.

आता आमचं. तोफा कित्येक किलोमीटर मागं असतात हे खरं, पण त्यांचे डोळे सगळ्यात पुढं असतात. त्याला आम्ही ओपी, म्हणजे निरीक्षण चौकी, म्हणतो. तरुण लेफ्टनंट किंवा कॅप्टन आपला रेडिओवाला घेऊन पायदळाच्या कंपनीबरोबर डोंगर चढतो. पहिला गोळा कुठं पडला ते बघून "उजवीकडे दोनशे, पुढं शंभर" अशी दुरुस्ती मागं कळवतो. आकड्यात चूक झाली तर गोळा आपल्याच पोरांवर पडायचा. भावाला सांगा, तोफखान्यात जाणाऱ्या नव्या अधिकाऱ्याच्या वाट्याला बहुतेक हेच काम पहिल्यांदा येतं.

कारगिलच्या वेळी बोफोर्स तोफा पुढं आणून समोर दिसणाऱ्या शिखरांवर थेट नेम धरून मारा केला. टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं. पण एक हिशेब करून बघा. १५५ मिलिमीटरचा एक गोळा चाळीस किलोच्या वर भरतो. एका बॅटरीत, म्हणजे तोफांच्या तुकडीत, सहा तोफा. एकेका तोफेनं रात्रीत शंभर गोळे टाकले, तर झाले चोवीस हजार किलो. थ्री टन गाडी धरली तर आठ गाड्या, आणि त्यात गोळे उडवायच्या दारूची अजून गणती नाही. ही एका बॅटरीची एक रात्र. ते गोळे द्रासपर्यंत कोण आणत होतं? आप्पांना माझा रामराम सांगा.

खडकीकर

बॉम्बे सॅपर्समध्ये होतो, म्हणून इंजिनिअर्सबद्दल लिहितो. पायदळाला पुढं जायचं असेल तर आम्ही वाट करून देतो, शत्रूला यायचं असेल तर ती वाट बंद करतो. पूल बांधणं, सुरुंग पेरणं, सुरुंग काढणं, बर्फात हेलिपॅड करणं, सगळं त्यात आलं. आमचं ब्रीद 'सर्वत्र' आहे आणि ते खरं आहे.

भावाला राम राघोबा राणे यांच्याबद्दल वाचायला सांगा. कारवारजवळच्या चेंडियाचे, बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे आपले रणगाडे निघाले, तर रस्त्यात सुरुंग आणि झाडं पाडून केलेले अडथळे. वरून मशीनगन आणि उखळी तोफांचा मारा. पहिल्याच दिवशी त्यांची दोन माणसं गेली, पाच जखमी झाली, राणे स्वतः जखमी होते. तरीही ८ ते ११ एप्रिल त्यांनी सुरुंग काढत रणगाड्यांना रस्ता करून दिला. परमवीर चक्र मिळालं. सुरुंग काढताना माणूस पालथा पडून मातीत बोटांनी चाचपत असतो. त्याच्या हातात त्या वेळी बंदूक नसते, हे कुणी लक्षात घेत नाही.

आणि शांततेच्या काळातलं हवं असेल, तर २०१७ च्या एल्फिन्स्टन रोडच्या चेंगराचेंगरीनंतर तिथला नवा पादचारी पूल आमच्याच लोकांनी उभा केला. फेब्रुवारी २०१८ ला तो खुला झाला.

फौजीची_बायको

कृष्णाकाठची, माझे मिस्टर ईएमईत आहेत. युनिट रणगाड्यांचं असो की तोफांचं, त्यांच्याबरोबर ईएमईची एक तुकडी असते, एलएडी म्हणतात तिला. युद्धसरावात रात्री दोन वाजता वाळवंटात रणगाड्याचं इंजिन बसलं, की ते तिथंच खोलायचं, कारण सकाळी सहाला तो पुढं निघायचा असतो. मिस्टर घरी येतात तेव्हा नखांतलं ग्रीस आठ-आठ दिवस निघत नाही. सिग्नल्सचंही तसंच, सगळं सुरळीत चाललं तर त्यांची आठवणही कुणाला येत नाही. तुमच्या आप्पांचं वाचून मला भरून आलं, इतकंच.

बेळगावचा_मावळा

मी मराठा लाईट इन्फंट्रीचा, त्यामुळं माझं मत पायदळाच्या बाजूनं असणार, आधीच सांगतो. मनापासून सांगायचं तर भावाला पायदळाची ओढ असेल तर त्याला अडवू नका. पंचविशीतल्या पोराच्या हाताखाली शंभरावर माणसं येतात. त्यांच्या घरची भांडणं, शेताच्या वाटण्या, पोराची फी, सगळं त्याला माहीत असतं. रात्री तो त्यांच्याबरोबर दगडावर झोपतो. असं नातं दुसरीकडं क्वचितच मिळतं. आमच्या पहिल्या पलटणीची सुरुवात १७६८ ची. तिच्यात जाणं म्हणजे काय, हे सातारच्या माणसाला मी सांगायला नको.

पण "रेशन वाटायला" हा शब्द मला खटकला. मी उत्तरेत बर्फाच्या पोस्टवर दोन हिवाळे काढलेत. खिंडी बंद व्हायच्या आत रॉकेल, पीठ, डबे, बुखारीचं (खोली गरम ठेवणाऱ्या शेगडीचं) सामान वर पोचलेलं असतं म्हणून मी आज इथं लिहितोय. रॉकेलचा कॅन वर आला की आम्ही तो मोजून ठेवत असू. किती दिवस जगायचं, ते त्यावर ठरायचं.

कर्नल संतोष महाडिक तुमच्याच साताऱ्याचे. दहशतवाद्यांशी लढणाऱ्या ४१ राष्ट्रीय रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर असताना नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात शहीद झाले. त्यांच्या पत्नी स्वातीताई चेन्नईच्या ओटीएतून (अधिकारी प्रशिक्षण अकादमीतून) २०१७ मध्ये लेफ्टनंट झाल्या, त्या ऑर्डनन्स कोअरमध्ये. त्या माउलीला कुणी दुय्यम म्हणेल का?

डोंगरवाट

मी एएससीत अधिकारी होतो. थोडं व्यावहारिक सांगतो.

शाखा फक्त पसंतीवर मिळत नाही. मेरिट, मेडिकल आणि त्या वेळी कुठं किती जागा आहेत, हे सगळं बघून देतात. पायदळात जागा पुष्कळ असतात, काही शाखांत मोजक्याच. तेव्हा पहिल्या पसंतीइतकाच दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीचाही नीट विचार करायचा. मुलं पहिली पसंती मनापासून लिहितात आणि खालची कशीही भरतात, मग तेच हातात येतं.

दुसरं, सर्व्हिसेसमध्ये (एएससी, ऑर्डनन्ससारख्या शाखांत) गेलेल्या बऱ्याच अधिकाऱ्यांना सुरुवातीला पायदळाच्या पलटणीबरोबर पाठवतात. राष्ट्रीय रायफल्समध्ये तर सगळ्याच शाखांची माणसं असतात. कॅप्टन हनीफउद्दीन आमच्या एएससीचे. ११ राजपुताना रायफल्सबरोबर होते. जून १९९९ मध्ये लडाखमधल्या तुर्तुकच्या भागात पुढं जाताना धारातीर्थी पडले. वीरचक्र मिळालं. शत्रूची गोळी खांद्यावरची शाखा वाचून येत नाही.

एक विचारू का? आप्पा १९९९ ला कुठं होते, हे तुमच्या भावाला माहीत आहे?

कृष्णाकाठची

डोंगरवाट काका, तुमचा प्रश्न वाचला आणि लक्षात आलं की ते मलाही माहीत नव्हतं. तेव्हा मी शाळेत होते, पत्र यायचं एवढंच आठवतं. काल संध्याकाळी आप्पांना धाग्यावरचं सगळं वाचून दाखवलं. देवळालीच्या सुभेदारकाकांचा हिशेब ऐकून ते म्हणाले, "बरोबर मांडलंय त्यांनी." मग आपणहून बोलायला लागले.

ते झोजीला ओलांडून द्रासकडं दारूगोळा नेत होते. रस्ता वरून शत्रूला दिसायचा, म्हणून गाड्या रात्री निघायच्या, दिवे बंद करून. पुढच्या गाडीच्या मागच्या आसावर पांढरा गोल ठिपका रंगवलेला असतो आणि त्यावर एक मिणमिणता दिवा. तेवढाच बघत चालवायचं. तो दिसेनासा झाला की थांबायचं, दिसला की पुन्हा निघायचं. शेजारचा को-ड्रायव्हर दार अर्धं उघडून खालचा कडा बघत बसायचा आणि "आत घ्या, आत घ्या" म्हणायचा. मागं चाळीस-चाळीस किलोचे गोळे. आप्पांनी हे सांगताना दोन्ही हात असे धरले होते, जणू स्टिअरिंग हातात आहे. आई चुलीपाशी उभी राहून ऐकत होती. चोवीस वर्षांची नोकरी, आणि तीही हे पहिल्यांदाच ऐकत होती.

हे सगळं मी भावाला जसंच्या तसं लिहून पाठवलं, तुमच्या सगळ्यांच्या उत्तरांसकट.

कृष्णाकाठची

रविवारी भावाचा फोन आला. मला म्हणाला, "आप्पांना दे." माफी वगैरे काही मागितली नाही. त्यानं विचारलं, "आप्पा, बर्फात चाकांना साखळ्या चढवायला किती वेळ लागायचा?" आप्पा म्हणाले, "दोघं असलो तर वीस मिनिटं. बोटं बधिर झाली तर जास्ती." तिथून पुढं पाऊण तास दोघं बोलत होते. मी फोन चार्जरला लावून दिला आणि बाहेर गेले.

पसंतीक्रम त्यानं ठरवलाय. पहिला तोफखाना, दुसरं मराठा लाईट इन्फंट्री, तिसरं एएससी. तिसरं उगाच भरायला लिहिलेलं नाही, असं त्यानं मला दोनदा सांगितलं. आईचा घोर काही कमी झालेला नाही, ओपीचं वाचल्यापासून वाढलाच आहे. तिला काय सांगावं हे कुणाला सुचत असेल तर जरूर लिहा.

आणि अजून एक मदत हवी आहे. पासिंग आऊट परेडला आप्पांनी मेडलं लावून यावं, असा भावाचा हट्ट आहे. मेडलं पत्र्याच्या ट्रंकेत होती, काल बाहेर काढली. ऑपरेशन विजयचंही आहे. रिबिनी पार विटल्यात, एक तर हातात धरल्यावर तुटली. नव्या रिबिनी सातारा किंवा पुण्याच्या कॅम्प भागात कुठं मिळतील? आणि साध्या कोटावर मेडलं लावताना ती कुठल्या बाजूला, कोणत्या क्रमानं लावायची?