ग्रीनिचची शिडाची जहाजं बघायला बाबांना न्यायचंय, कधी जावं?

वाघोटनची_लेक:
भाऊ लंडनला असतो, बाबांना घेऊन जायचं चाललंय. बाबा ७६ वर्षांचे, तरुणपणी विजयदुर्गच्या गलबतावर खलाशी होते, मंगळुरी कौलं भरून आणायचे. भावाने ग्रीनिचच्या उत्सवाचे जुने फोटो पाठवले, नदीत तीन-तीन डोलकाठ्यांची जहाजं, तर बाबांनी मोबाईल डोळ्याशी धरून एकेक परबाण (शिड बांधायची आडवी काठी) मोजलं हो. दरवर्षी असतं का हे? वर चढू देतात का? त्यांचे गुडघे दुखतात.

दाभोळकर_दर्या:
ताई, दरवर्षी नसतं. २०१४ ला झालं, मग २०१७ ला ईस्टरच्या सुट्टीत, तेव्हा मी होतो तिथे, त्यामुळे आधी तारीख बघा मगच विमानाचं तिकीट काढा. जहाजांवर चढू देतात, पण रांग मोठी. आणि गुडघ्यांसाठी एक नक्की करा, भरतीची वेळ बघून जा. थेम्सला तिथवर भरती येते, पाणी सहा-सात मीटर वरखाली होतं, म्हणजे आपल्या खाडीच्या दुप्पट, ओहोटीला पाँटूनवर (तरंगत्या धक्क्यावर) उतरायचा पूल एवढा उतरता होतो की तरुण माणूसही कठडा धरतो.

मालवणी_सून:
उत्सव नसला तरी कटी सार्क हे जुनं शिडाचं जहाज बघाच, ते तिथे कायमचं आहे. १८६९ चं, चीनहून चहा आणायचं. लोखंडी सांगाडा आणि त्यावर फळ्या, त्यात आपलं सागवान पण आहे. २००७ ला आग लागली होती, २०१२ ला परत उघडलं. तीन मीटर उचलून ठेवलंय त्यामुळे खाली उभं राहून अख्खा तळ दिसतो, पितळेसारखा पत्रा मारलेला. माझे सासरे मान वर करून कितीतरी वेळ बघत होते, म्हणाले याला कालवं कशी चिकटणार. लिफ्ट आहे, काळजी नको.

सडेवाला:
दरवर्षी हवं तर जर्मनीत रोस्टॉकला ऑगस्टमध्ये असतं, वार्नो नदीवर. अॅमस्टरडॅमचं दर पाच वर्षांनी, २०२५ ला झालं. आणि बाबांना सांगा, आपल्या नौदलाचं तरंगिणी हे शिडाचं जहाज गोव्यात बांधलेलं, २०१८ ला युरोपात अशाच शर्यतीत गेलं होतं, बोर्दोपर्यंत!

वाघोटनची_लेक:
सगळं वाचून दाखवलं. बाबा विचारतायत, वारा समोरून आला तर ही आडवी शिडं काय कामाची?

दाभोळकर_दर्या:
बरोबर पकडलं त्यांनी. अशा आडव्या चौकोनी शिडाचं जहाज वाऱ्याच्या तोंडाला साधारण साठ अंशांच्या आत येत नाही, आपलं गलबत त्याहून जवळून काढता येतं. नदीत तर ती शिडं गुंडाळून इंजिनावरच येतात.