'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट'चं पहिलं प्रकरण : तुमचा अनुभव सांगा

लेक परवा रेमार्कची ही पहिल्या महायुद्धावरची जर्मन कादंबरी वाचत बसली होती. म्हणाली, "आई, यात युद्ध कुठाय? सगळे नुसते जेवतायत." झालं, मला माझं कॉलेजातलं वाचन आठवलं. मीही ती पानं मजेत वाचली होती. घेवडा-गोमांसाचं जेवण, दुप्पट पाव, सॉसेज, तंबाखू, सैनिक पोरं खूश. मग कळतं की आचाऱ्याने 150 जणांचं रांधलंय आणि आघाडीवरून परत आलेत 80. तो जास्तीचं वाढायला तयार नाही, पोरं हुज्जत घालतायत, आणि न आलेल्यांबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. पोट भरल्याचा आनंद खराच आहे, म्हणून जास्त लागतं. तुमचं काय झालं? लिहा.

–

बूट!!!

–

+1. इस्पितळात जखमी केमरिखचा पाय कापलाय, त्याला अजून पत्ता नाही, आणि त्याचा वर्गमित्र म्युलर खाटेखालचे ते मऊ पिवळे बूट आपल्या पायाला लावून बघतोय. मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

–

बाबा आयसीयूत असताना एका नातेवाइकाने विचारलं होतं, "कानाचं मशीन नवीनच आहे ना त्यांचं?" संताप संताप झाला होता. पुढच्या प्रकरणात गोष्ट सांगणारा पॉल म्हणतो ना, की केमरिखला बुटांचा उपयोग असता तर म्युलर काटेरी तारांवरून अनवाणी गेला असता, पण बूट घेतले नसते. ते वाचून त्या माणसाचा राग थोडा उतरला. पूर्ण नाही.

–

ताई, पूर्ण उतरवूही नका. मशीन मागणारे आमच्याकडेही आहेत.

–

मला बाई कंटाळा आला होता. शौचाच्या खोक्यांवर बसून पत्ते काय खेळतात!

–

अहो, तोच तर त्यांचा सुखाचा दिवस! :ड

–

मी शिकवते, त्यामुळे मला कांटोरेक मास्तर चावला. भाषणं देऊन देऊन अख्खा वर्ग भरतीला नेला. त्यातला बेम नको म्हणत होता, आणि पहिल्या मेलेल्यांत तोच. मास्तर मात्र पत्रं लिहितोय. वर्गात "तुम्ही तरुण, तुम्हीच देश घडवणार" म्हणताना आता जीभ अडखळते. अजून लिहायचंय, गॅसवर दूध आहे.

–

माहितीसाठी : कादंबरी आधी 1928 साली बर्लिनच्या वर्तमानपत्रात क्रमशः आली, पुस्तक 1929 चं. 1933 मध्ये नाझींनी जाळलं. रेमार्क स्वतः 1917 मध्ये जखमी झाला होता.

–

2022 चा सिनेमा पाहिला का कुणी? त्यात जेवणाने सुरुवातच नाही. मेलेल्यांचे गणवेश धुऊन, शिवून नव्या पोरांना देतात. तेही भारी आहे.

–

भारी आहे, पण मला आचारीच हवा होता. सिनेमावाल्यांना जेवणावळीत काय दिसणार!

–

काटबद्दल (पॉलचा वयाने मोठा सोबती) कुणी काही लिहू नका हं, मी अजून तिसऱ्या प्रकरणात आहे.

–

आम्ही कुठे काय म्हणालो? वाचा वाचा, निवांत वाचा.