राक्षसी, राक्षसीण की मारबत? ‘मॉन्स्टर’ला मराठी शब्द हवा आहे

आमच्या भागातल्या वाचनालयात महिन्यातून एकदा सिनेमा दाखवतात आणि त्याच्यावर एक पान मराठीत लिहून येणाऱ्यांना वाटतात. या वेळचं पान माझ्याकडे आलं. सिनेमा ‘मॉन्स्टर’, २००३ सालचा, लेखन-दिग्दर्शन पॅटी जेन्किन्सचं. पान एका संध्याकाळी लिहून झालं आणि मथळ्यापाशी चार दिवस अडून बसले आहे. नावाला मराठी शब्द शोधायला जावं, तर प्रत्येक शब्द त्या बाईबद्दल आपला निकाल देऊन मोकळा होतो.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आयलीन वुर्नोस ही खरी बाई. जन्म २९ फेब्रुवारी १९५६, मिशिगन राज्यातला. फ्लोरिडात हायवेवर उभी राहून देहविक्रयावर जगायची. १९८९ च्या नोव्हेंबरपासून पुढच्या वर्षभरात तिनं सात पुरुषांना गोळ्या घालून मारलं. एकाचा मृतदेह कधीच सापडला नाही, त्यामुळे शिक्षा झाली ती सहा खुनांसाठी. ९ ऑक्टोबर २००२ ला विषारी इंजेक्शन देऊन तिला संपवलं. (पानात आधी मी ‘फाशी’ लिहिलं होतं. आपल्या तोंडी मृत्युदंड म्हणजे फाशीच बसलं आहे. पण दोर नव्हता, तर फाशी कशी? खोडून मृत्युदंड केलं.) भूमिका शार्लीझ थेरॉनची. त्या भूमिकेसाठी तिला ऑस्कर मिळालं ती तारीख २९ फेब्रुवारी २००४, म्हणजे वुर्नोसचाच वाढदिवस.

आता शब्द.

‘खुनी’ सगळ्यात सरळ. फारसीत खून म्हणजे रक्त, हिंदीत आजही रक्तच, आणि आमच्या नागपुरात दोन्ही अर्थ एकाच घरात नांदतात. पोराचा गुडघा फुटला की ते ओरडतं, “आई, खून निघून राह्यला!” आणि समोरच्या पेपरात खून म्हणजे हत्या. खुनी हा शब्द बाई-पुरुष पाहत नाही. तो खुनी, ती खुनी. मजकुरात मी तोच वापरला आहे. पण तिनं काय केलं ते खुनी सांगतो, आणि मॉन्स्टर म्हणजे लोक तिला काय म्हणाले ते. मथळ्याला दुसरी गोष्ट हवी.

‘मारेकरी’ला सुपारीचा वास येतो. ‘हत्यारा’ हिंदीतून आलेला, आणि मराठीत हत्यार म्हणजे शस्त्र असल्यामुळे ‘हत्यारीण’ वाचताना डोळ्यांपुढे कोयता विकणारी बाई येते. ‘नराधम’ पेपरवाल्यांचा लाडका, पण त्याला स्त्रीलिंग नाही. नरातला अधम म्हणजे माणसातला नीच असा अर्थ असूनही आपण बाईला नराधम म्हणत नाही.

कोल्हापूरच्या प्रकरणात, म्हणजे अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली यांच्या, मराठीनं काय केलं ते बघा. शब्द रूढ झाला ‘बालहत्याकांड’. कांड म्हणजे घटना. करणारीला नाम मिळालंच नाही. पुण्याचं १९७६-७७ चं ‘जोशी-अभ्यंकर हत्याकांड’ तर मेलेल्यांच्या नावानं ओळखलं जातं. घटनेला नाव द्यायचं आणि कर्त्याला विशेषणांवर भागवायचं, ही आपल्या भाषेची सवय दिसते.

‘सिरीयल किलर’ मी तसाच ठेवला. ‘मालिका-खुनी’ करून पाहिलं, पण मराठी घरात मालिका म्हणजे संध्याकाळी टीव्हीवर लागते ती. ‘साखळी खून’ बरा आहे, मात्र त्यातून खुनांची ओळ कळते, खून करणारी कळत नाही.

खरी अडचण पुढेच आहे. सिनेमात मॉन्स्टर हे आधी एका पाळण्याचं नाव आहे. आयलीन सांगते, लहान असताना जत्रेत एक मोठा पाळणा यायचा, लाल-पिवळा, पोरं त्याला मॉन्स्टर म्हणायची. त्यात बसायला ती तरसायची. शेवटी बसायला मिळालं आणि एक फेरा पुरा व्हायच्या आत तिला उलटी झाली. जी गोष्ट इतकी हवी होती तिनंच पोटातलं वर काढलं. पुढे तोच शब्द तिला चिकटला. म्हणजे आपला मराठी शब्दही पाळण्याला लागला पाहिजे आणि बाईलाही.

हे मला नीट कळतं, कारण कस्तुरचंद पार्कवर मीनाबाजार लागायचा तेव्हा मीही अशीच हट्ट करून आकाशपाळण्यात बसले होते. लोखंडी खुर्ची, मांडीवर आडवा दांडा, त्याला अडकवलेला वाकडा खिळा. खाली माणसं चढवायला पाळणा थांबला तेव्हा आमची खुर्ची नेमकी वर होती. सीताबर्डीचा किल्ला समोर, आणि दांड्यातला खिळा हळूहळू वर सरकतो आहे असं वाटत होतं. मी तो अंगठ्यानं दाबून धरला होता. उतरल्यावर अंगठ्याला गंज लागलेला, आणि आत्या विचारते, “आणखी बसतेस का?” मी हो म्हटलं. का म्हटलं ते आजही सांगता येत नाही.

तर माझी सूचना अशी होती: ‘मारबत’.

विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात काळी आणि पिवळी अशा दोन मारबती निघतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनची ही प्रथा. बांबूच्या सांगाड्यावर कागद चिकटवून केलेली बाईची अवाढव्य मूर्ती, सोबत बडगे म्हणजे तसेच पुरुषांचे पुतळे, आणि इतवारीच्या गल्ल्यांतून एकच आरोळी, “ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!” रोगराई, महागाई, ज्याला जे सलतं ते तिच्या नावानं ओरडायचं आणि शेवटी तिला जाळायचं. काळीला कोणी भोसल्यांच्या घराण्यातली बाकाबाई म्हणतं, कोणी पूतना. एकदा मिरवणूक थांबलेली असताना मी काळीच्या मागच्या बाजूला उभी होते. पुढून डोळे वटारलेली, लाल जीभ. मागून उघड्या कामट्या आणि त्यांच्या फटीतून दिसणारे जुन्या वर्तमानपत्राचे उलटे मथळे. वुर्नोसच्या नावानं टीव्हीवर आणि पेपरात जे ओरडलं गेलं ते आठवलं की मला तीच मागची बाजू दिसते. आमच्याकडे भांडणात बाईला मारबत म्हणतातच. शब्द मोठ्या आकाराचा आहे, बाईचा आहे, जत्रेचा आहे.

इथपर्यंत मंगळवारी लिहिलं होतं. त्यावर जी उत्तरं आली ती वाचून माझं मत बदललं आहे, म्हणून पुढचं लिहिते.

एकांनी ‘कैदाशीण’, ‘हडळ’, ‘चेटकीण’ सुचवले. कैदाशीण हा घरात ओरडायचा शब्द, आजी नातीला म्हणते, “काय कैदाशिणीसारखे केस सोडून बसली आहेस!” त्यात सात खून मावत नाहीत. हडळ व्हायला बाई आधी मरावी लागते. चेटकीण मात्र मला अजिबात चालणार नाही. त्या शब्दावर खऱ्या बायकांना गावाबाहेर काढलं आहे, मारलं आहे. करणी करते म्हणून कोणाला बदनाम करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा ठरवलं ते उगाच नाही. आपल्या वाचनालयाच्या पाटीवर तो शब्द मी लावणार नाही.

मारबतीवरचा आक्षेप आमच्या शेजारच्या काकाजींचा. नोकरीभर कोर्टात कारकुनी केलेली. मी हौसेनं सगळं समजावून सांगितलं. ते चहा संपेपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बेटा, मारबतीनं कोणाचं काय केलं? काहीच नाही. म्हणूनच तिच्यावर सगळं टाकता येतं. ह्या बाईनं तर केलं ना जी.”

बरोबर आहे. मारबत म्हटलं की ती निर्दोष ठरते. आणि सिनेमा तिला निर्दोष ठरवत नाही. पहिला खून तो स्वसंरक्षणासारखा दाखवतो: माणूस तिला बांधून अत्याचार करतो, ती सुटून त्याला मारते. खऱ्या प्रकरणातल्या त्या पहिल्या माणसाला पूर्वी लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेली होती, हेही खरं. पण पुढे सिनेमा अवघड जागी जातो. शेवटच्यांतला एक माणूस तिच्याकडून काहीही न मागता मदत करायला थांबलेला असतो. तो आपल्या घरच्यांबद्दल बोलतो. ती रडत रडत त्याला मारते. त्या माणसाला ईडापीडा कशी म्हणणार? काकाजींनी सिनेमा पाहिलेला नाही, आणि मी तीनदा पाहिला आहे. तरी हे त्यांना दिसलं आणि मला शब्दाच्या प्रेमात दिसलं नाही, याचं वाईट वाटलं.

मग मी परत साध्या शब्दाकडे आले. राक्षस. मूळ धातू रक्ष्, राखणे. रामायणाच्या उत्तरकांडात कथा आहे: ब्रह्मदेवानं पाणी निर्माण केलं आणि ते राखायला प्राणी केले, जे ‘रक्षाम’ म्हणाले ते राक्षस झाले, ‘यक्षाम’ म्हणाले ते यक्ष. ज्यापासून स्वतःला राखायचं तो राक्षस, अशीही फोड करतात. इंग्रजी मॉन्स्टरचं मूळ लॅटिन ‘मॉन्स्ट्रम’मध्ये आहे, त्याचा अर्थ अशुभाची सूचना, आपल्याकडच्या उत्पातासारखी. दोन्ही शब्दांत भीतीच्या आधी सावध राहणं आहे.

स्त्रीलिंगी रूप मराठीत राक्षसीण. वाघीण, माळीण, राक्षसीण. गोष्टीतली, दात पुढे आलेली, शेवटी नाक कापून घेणारी. तिच्याबद्दल आपण कधी थांबून विचार करत नाही. आणि राक्षसिणीला पाळणा होता येत नाही.

पण ण काढून टाका. ‘राक्षसी’. संस्कृतात हे सरळ नाम आहे, राक्षस जातीची बाई. भागवतात पूतनेला ‘लोकबालघ्नी राक्षसी’ म्हटलं आहे, लोकांची बाळं मारणारी. (‘घ्नी’ हे मारणारीसाठी चांगलं स्त्रीलिंगी रूप आपल्याकडे पडून आहे. शत्रुघ्न, कृतघ्न आपण रोज म्हणतो, घ्नी मात्र कोणी उचलत नाही.) आणि तिथेच पुढे, मारायच्या इराद्यानं का होईना पण स्तन दिला म्हणून तिला सद्गती मिळाली असं येतं. तिनं केलेलं पुसलं नाही, तिला टाकूनही दिलं नाही. काळ्या मारबतीला पूतना म्हणणाऱ्यांना हा दुसरा अर्धा भाग माहीत असतो की नाही कोण जाणे, मला तरी भागवत पुन्हा उघडेपर्यंत आठवत नव्हता.

आणि चालू मराठीत राक्षसी हे विशेषण आहे: राक्षसी बहुमत, राक्षसी भूक, राक्षसी लाट. प्रचंड, आवाक्याबाहेरचं. ‘राक्षसी पाळणा’ म्हणून बघा मोठ्यानं. कोणत्याही मराठी पोराला लगेच कळेल, आणि बसावंसंही वाटेल. एकच शब्द, पाळण्याला लावला तर विशेषण, बाईला लावला तर नाम. इंग्रजी नावात जी जोडी आहे ती आपल्याकडे एका ईकारात तयार होती, आणि मी मारबतीला शोधत इतवारीभर फिरले.

अमरावतीहून एक ताई लिहितात की मराठी वाचक राक्षसी वाचून पुढच्या नामाची वाट पाहील, ‘राक्षसी काय?’ असं विचारेल. विचारू दे. मथळा वाचून तेवढा प्रश्न मनात घेऊन माणूस खुर्चीवर बसला, तर पाळण्याचा प्रसंग त्याच्या कानावर नीट पडेल.

मथळा ठरला. पानात आणखी दोन जागा आहेत. सेल्बी, जिच्यासाठी ती हे सगळं ओढत नेते, तिला मी ‘मैत्रीण’ लिहिलं होतं. ते ‘प्रेयसी’ केलं, कारण मैत्रीण हा शब्द इथे पडदा ओढतो. ही जागा सुटली.

दुसरी सुटत नाही. त्या सात पुरुषांना काय म्हणावं? सवयीनं ‘बळी’ लिहिलं जातं. पण बळी म्हणजे देवापुढे दिलेला, कशासाठी तरी दिलेला. शिवाय आपला दुसरा बळी आहे, ज्याचं राज्य यावं म्हणून दिवाळीत ओवाळतात, “इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो.” तो तर असुर. इतके अर्थ त्या सात जणांवर टाकायची मला हिंमत होत नाही. काकाजी म्हणतात, ‘मयत’ लिही, कोर्टात तेच चालतं, मयत इसम, आणि त्यात कोणाची बाजू नाही. खरं आहे, पण मयत लिहिलं की अख्खा परिच्छेद पंचनाम्यासारखा वाचला जातो, आणि त्यातला एक माणूस तर मदत करायला थांबला होता. ‘मारले गेलेले’ हे सध्या तिथे आहे, लांब आणि लंगडं. कोणाला बरा शब्द सुचत असेल तर सांगा. पान परवा सकाळी झेरॉक्सला द्यायचं आहे.