मदत हवी आहे: जुन्या वॅगनआरचा डावा एक्सल, नुसता जॉइंट बदलू की अख्खा शाफ्ट?

नमस्कार मंडळी,

गाडी 2005 ची वॅगनआर, पेट्रोल. घर गोव्यात डिचोलीजवळ. आरसी नुकतीच दुसऱ्यांदा पाच वर्षांसाठी रिन्यू केलीय, त्यामुळे ‘नवीन घ्या’ हा सल्ला नको. तो घरात रोज मिळतो.

दुखणं डाव्या एक्सल शाफ्टचं, म्हणजे गिअरबॉक्समधून चाक फिरवणाऱ्या दांड्याचं. त्याच्या दोन्ही टोकांना वळणारे जॉइंट असतात. लक्षण असं: उजवीकडे फुल कट मारून गाडी उचलली की डाव्या पुढच्या चाकातून कट-कट-कट. गाडी हळू तर आवाज हळू, वेग वाढला की भरभर. सरळ रस्त्यावर काही नाही. महिन्यापूर्वी फक्त घराच्या वळणावर यायचा, आता बाजारात पार्किंगमधून काढताना लोक वळून बघतात.

चाक काढून पाहिलं. बाहेरच्या, म्हणजे चाकाकडच्या जॉइंटचं रबरी बूट (ग्रीस आत धरणारं आवरण) घडीत फाटलंय, बोट आत जाईल एवढं. रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचा पट्टा उडालाय आणि त्यावर आपली लाल माती बसून गेरूसारखा थर झालाय. ग्रीस दोन बोटांत चोळलं तर वाळू कचकचली. खरं सांगायचं तर ही चीर मे महिन्यात टायर बदलतानाच दिसली होती, अगदी बारीक. ‘पावसानंतर बघू’ म्हटलं. पावसाने आधीच बघून घेतलं.

एक मेस्त (मेकॅनिक) म्हणतो बूट बदलून ग्रीस भरू, काम होईल. दुसरा म्हणतो अख्खा लोकल शाफ्ट घाल, मजुरीसकट 4,500. तिसऱ्याकडे भंगारातला ओरिजिनल आहे, 1,800 ला, पण गॅरंटी नाही. चवथीआधी बहिणीला आणायला चोर्ला घाटातून बेळगावला जायचंय. काय करू? मित्राकडे हत्यारं आहेत, अंगणात काम करायची तयारीही आहे.

प्रतिसाद

पहिल्या मेस्ताचं ऐकू नका. बूट-ग्रीस हा आवाज सुरू व्हायच्या आधीचा इलाज. जॉइंटच्या आत सहा गोळ्या खाचांतून सरकत असतात. वाळूने खाचा खाल्ल्या की वरून कितीही ग्रीस भरा, खड्डे भरत नाहीत. उजव्या वळणावर भार डाव्या चाकावर येतो, म्हणून डावा बाहेरचा जॉइंट बोलतो. तुमचं लक्षण बरोबर जुळतंय.

आता एक बघा. सरळ जाताना अॅक्सिलरेटर दाबल्यावर गाडी थरथरते का? थरथरत असेल तर गिअरबॉक्सकडचा आतला जॉइंटही गेलाय, मग अख्खा शाफ्टच परवडेल. नसेल तर बाहेरच्या जॉइंटचं किट घ्या. त्यात बूट, क्लिपा आणि ग्रीसची पिशवी येते. ग्रीस तेच वापरा, मॉलिब्डेनमवालं काळं. बेअरिंगचं साधं ग्रीस नको. जुना जॉइंट सोबत घेऊन दुकानात जा आणि स्प्लाइनचे (जोडाच्या टोकावरच्या खाचांचे) दाते मोजूनच पैसे द्या. एका दात्याचा फरक डोळ्यांना दिसत नाही. मात्र काही शाफ्टवरून बाहेरचा जॉइंट सुटतच नाही. तसं निघालं तर शाफ्टला पर्याय नाही.

भंगारातला घेणार असाल तर त्याचं बूटही वीस वर्षांचंच असणार, एवढं लक्षात असू द्या.

धागाकर्ता

थरथर अजिबात नाही. शाफ्ट बाहेर काढला तर गाडी अंगणातून खाली रस्त्यापर्यंत ढकलता येईल का? बाजूला उतार आहे.

प्रतिसाद

अजिबात नको! शाफ्टचा तो मोठा नटच हब बेअरिंगला (चाक ज्यावर फिरतं त्या बेअरिंगला) दाबून धरतो. शाफ्ट नसताना चाकावर वजन टाकलं की बेअरिंगचा खर्च वर. आणि एक शाफ्ट निघाला की डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटणारे गिअर) मोकळं फिरतं, गिअरमध्ये टाकलेली गाडीही थांबत नाही. हँडब्रेक ओढा आणि मागच्या दोन्ही चाकांना चिरे (दगड) लावा. जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली शिरू नका, स्टँड लावा.

मोठा नट चाक जमिनीवर असतानाच सैल करायचा, आत कुणाला तरी ब्रेकवर बसवून. त्याआधी नटाची ठोकलेली कड छिन्नीने उचला, नाहीतर आटे जातील. बसवताना नट नवा. खालचा बॉल जॉइंट सोडवून नकल (चाकाचा हब धरणारा लोखंडी भाग) बाजूला झुलवताना शाफ्ट हाताने ओढू नका, आतला जॉइंट निसटतो. मुळापासून काढलाच तर गिअर ऑइल सांडणार. खाली ट्रे ठेवा, ऑइल सील बदला आणि ऑइल पुन्हा लेव्हलला भरा.

धागाकर्ता – अपडेट

झालं एकदाचं. जॉइंट सुटला, पण चार तास घामटा काढून. निम्मा वेळ त्या नटानेच खाल्ला, शेवटी पान्याला चार फुटी पाइप लावला तेव्हा कुठे हलला. जुना जॉइंट डिझेलने धुऊन उन्हात धरला तर खाचांत नखाला लागतील असे खड्डे. म्हापशात पहिल्या दुकानातला जॉइंट दोन दाते जास्त निघाला. मोजलं म्हणून वाचलो, आभार. नट टॉर्क रेंचने (ठरलेल्या ताकदीने आवळणाऱ्या पान्याने) शेजारच्या गॅरेजवाल्याकडून घट्ट करून घेतला, त्याने फक्त चहाचे पैसे घेतले.

काल चोर्ला घाटातून जाऊन आलो. आवाज शून्य. पण हात घाण झालेच होते म्हणून उजव्या बाजूचं बूटही चाचपलं. घडीत केसाएवढी चीर आहे, ग्रीस अजून स्वच्छ. या बाजूला नुसतं बूट बदलून भागेल ना? उद्या सकाळीच दुकान गाठतोय.