पैसा त्यांचा, म्हणून कारभारही त्यांचाच?
'श्रीमंत देश पैसा देतात, म्हणजे जिनिव्हाचं डब्ल्यूटीओ कायदा सल्ला केंद्र त्यांच्याच तालावर नाचणार' हा तुमचा मुद्दा अर्धाच पटला. डब्ल्यूटीओच्या, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेच्या, नियमांबाबत आणि वादांत विकसनशील देशांना कायदेशीर मदत देणारं हे केंद्र २००१ पासून चालू आहे. देणगीदार देशांना स्वतःसाठी तिथला सल्ला घेता येत नाही. संचालक मंडळावरचे सदस्यही वैयक्तिक नात्यानं बसतात, देशाचे वकील म्हणून नाही. गंमत बघा, २००४ मध्ये बॅटऱ्यांवरच्या अँटी-डंपिंग शुल्कावरून (परदेशी माल फार स्वस्तात विकला जातो म्हणून लावलेलं जादा आयात शुल्क) बांगलादेशानं भारताविरुद्ध तक्रार केली, तेव्हा त्याला मदत याच केंद्राची होती. आणि भारत केंद्राचा सदस्य! अतिअविकसित देशांना तर सदस्यत्वाची वर्गणीही नाही. खरी चिंता वेगळीच आहे. देणगीदारांनी हात आखडता घेतला, तर वकिलांचे पगार कुठून द्यायचे?